ब्रेक दाबला की इलेक्ट्रिक गाडी थरथरते? आधी ब्रेक लावतंय कोण ते शोधा

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ब्रेक मारताना स्टिअरिंग हललं की मेकॅनिक थेट डिस्ककडे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीकडे बघतो आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर ठरतं. इलेक्ट्रिक गाडीत हीच सवय महागात पडते. ही गाडी दोन वाटांनी थांबते. एक, मोटर जनरेटर बनून वेग खाते आणि बॅटरीत चार्ज टाकते, म्हणजे रिजेन. दुसरी, नेहमीची डिस्क आणि तिला दाबणाऱ्या पॅडची घासण. रोजच्या वापरात बहुतांश काम मोटरच उरकते. त्यामुळे गाडी थरथरली त्या क्षणी पॅड डिस्कला टेकले तरी होते का, हा पहिला प्रश्न. तो न सोडवता डिस्क बदलल्या, तर नव्या डिस्क आणि जुनी थरथर घेऊन गाडी परत गॅरेजात येते.

मीटरवर ब्रेकचा लाल दिवा लागलेला असेल, पेडल खाली जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर खालच्या चाचण्या करू नका. गाडी टो करून न्या.

रस्त्यावरच्या तीन चाचण्या

मोकळा, सरळ, कोरडा रस्ता हवा आणि मागे वाहन नको. त्याआधी चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. शेजारी कुणी बसलं तर उत्तम: तुम्ही रस्ता बघा, त्यांना मीटर बघू द्या.

पहिली चाचणी: ब्रेकला हात न लावता 80 ते 100 च्या वेगाने सरळ चालवा. इथेच गाडी थरथरत असेल तर प्रश्न ब्रेकचा नाही. व्हील बॅलन्सिंग, वाकडी रिम, फुगलेला किंवा असमान झिजलेला टायर, यांतलं काहीतरी आहे. ते आधी निस्तरा, नाहीतर पुढच्या चाचण्यांना अर्थ नाही.

दुसरी: रिजेन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा आणि 80 वरून फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. ब्रेकच्या पेडलला स्पर्शही नको. गाडी 20 पर्यंत येऊ द्या.

तिसरी: मोटरची मदत पूर्ण बंद करून फक्त डिस्कने थांबवा. नवखे लोक इथेच हमखास फसतात. मेनूमध्ये रिजेन 'कमी' केलं म्हणजे पेडल दाबल्यावर डिस्कच काम करतात असं नाही. अनेक गाड्यांत, उदाहरणार्थ ह्युंदाई आणि कियाच्या इलेक्ट्रिक गाड्यांत, ब्रेकचं पेडलसुद्धा आधी मोटरकडेच मागणी नोंदवतं आणि मोटरला झेपत नाही तेवढंच काम डिस्ककडे येतं. मेनूतली पातळी फक्त पाय काढल्यावर गाडी किती ओढली जाईल ते ठरवते. टेस्लामध्ये उलट आहे: पाय काढला की मोटर, पेडल दाबलं की डिस्क. आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते पॉवर मीटरवर कळतं. पेडल दाबल्यावर काटा चार्जच्या बाजूला आणखी सरकला, तर मोटर मदत करते आहे.

मोटर बाजूला काढायचा सरळ मार्ग म्हणजे 60 च्या आसपास गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मध्यम दाबाने ब्रेक लावणं. चालत्या गाडीत न्यूट्रल कसं घ्यायचं (बहुतेक ठिकाणी बटण किंवा दांडा क्षणभर धरून ठेवावा लागतो) ते मॅन्युअलमध्ये आधी वाचा आणि एकदा अगदी कमी वेगात करून बघा. गाडी बंद करायची नाही, फक्त न्यूट्रल. ते जमत नसेल तर बॅटरी 100 टक्के चार्ज करून लगेच बाहेर पडा. भरलेल्या बॅटरीत चार्ज टाकायला जागा नसते, म्हणून बहुतेक गाड्या रिजेन आपणहून आवळतात. बॅटरी फार गार असली तरी तसंच होतं. 'सकाळी निघताना थरथरते, दुपारी नाही' ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते: सकाळी डिस्क काम करतात, दुपारी मोटर.

आता निष्कर्ष. फक्त तिसऱ्या चाचणीत थरथरली तर डिस्क, पॅड, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग). फक्त दुसरीत थरथरली तर मोटरकडून चाकाकडे जाणारा मार्ग: ड्राइव्ह शाफ्टचा (मोटरचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट, मोटरचे माउंट (मोटर धरून ठेवणारे आधार). दोन्हींत थरथरली तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट किंवा टायर, कारण ब्रेक कुणीही लावला तरी चाक मागे खेचलं जातं आणि ढिला बुश त्याला नाचू देतो.

यात एक पेच आहे. मोटर फक्त मागच्या चाकांना असेल तर रिजेनचा जोर पुढच्या चाकांवर येतच नाही. अशा गाडीत पुढच्या लोअर आर्मचा बुश फाटलेला असला तरी तो दुसऱ्या चाचणीत गप्प बसतो आणि तिसरीत डिस्कचं सोंग घेतो. म्हणून मागून चालणाऱ्या गाडीत डिस्कवर शिक्का मारण्याआधी पुढचे बुश हमखास बघायचे.

थरथर कुठे आणि कशी

स्टिअरिंग डावं-उजवं हलत असेल तर पुढची चाकं. बसण्याची जागा, पाठ किंवा फ्लोअर हलत असेल तर बहुधा मागची. पेडलच्या धडधडीवर मात्र इलेक्ट्रिक गाडीत फार विसंबू नका. काही गाड्यांत पेडल आणि कॅलिपर यांच्यात थेट द्रवाचा संबंध नसतो, पायाला जाणवणारा दाब सिम्युलेटर तयार करतो. तिथे डिस्क कितीही खराब असो, पेडल शांतच राहतं.

थरथरीची गती ऐका. साधारण चाकाचा परीघ 2 मीटर धरला तर 72 च्या वेगाला चाक सेकंदाला 10 फेरे घेतं, 36 ला 5. थरथर डिस्कची किंवा टायरची असेल तर वेग उतरतो तशी तीही मंदावते. वेग काहीही असो, पायाखाली एकाच लयीत घरघर येत असेल तर ते एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. खडी, वाळू किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर ते येणारच. पण कोरड्या रस्त्यावर, गाडी थांबता थांबता, शेवटच्या 5-10 किमी वेगात घरघर येत असेल तर व्हील स्पीड सेन्सर आणि त्याची रिंग तपासा. रिंगवर गंजाचा फुगवटा आला की सिग्नल तुटतो आणि एबीएसला वाटतं चाक लॉक झालं.

दोन गोष्टी दोष नाहीत. थांबताना अगदी शेवटी एकच हलका धक्का बसतो, तिथे मोटर सोडते आणि डिस्क पकडते. आणि ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्यात गेलं की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखं वाटतं: चाक घसरतंय असं समजून गाडी रिजेन काढून घेते.

चाचणी संपवून आल्यावर आणखी एक काम करा, आणि हे इलेक्ट्रिक गाडीतच इतकं छान जमतं. रिजेन चालू ठेवून, पेडल जवळजवळ न वापरता 15-20 मिनिटं गाडी चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान घ्या. डिस्क कोमटच असायला हव्यात. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्या चाकाचा कॅलिपर जाम आहे, पॅड सतत घासतो आहे. रेंजही थोडी घटलेली असते. हात लावून बघू नका, जाम कॅलिपरची डिस्क भाजते.

गाडी उचलण्याआधी

बॅटरी पॅक फ्लोअरखाली पसरलेला असतो. जॅक ठरवून दिलेल्या जागीच, रबरी पॅड घालून लावा. पॅकच्या तळावर जॅक टेकवला तर ब्रेकच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठं काम अंगावर येतं. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड हवेतच, आणि तेही इलेक्ट्रिक गाडीचं जास्तीचं वजन पेलणारे. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून उटी (अडवणारे ठोकळे) लावा. नारिंगी केबलना हात लावायचं या कामात काहीच कारण नाही.

किल्ली किंवा फोन गाडीपासून लांब ठेवा आणि दार उघडू नका. काही गाड्यांत दार उघडताच ब्रेकची यंत्रणा जागी होऊन स्वतःची तपासणी करते आणि कॅलिपरमध्ये दाब येतो. त्या वेळी पॅड काढलेले असतील तर पिस्टन बाहेर येतो, बोट मध्ये असेल तर बोटही चिरडतं. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी स्क्रीनवरून किंवा स्कॅनरने सर्व्हिस मोड (दुरुस्तीसाठी हँडब्रेक सोडून ठेवणारी सेटिंग) चालू करा. मोड न लावता पिस्टन दाबला तर आतलं गिअर तुटू शकतं.

चाक काढण्याआधी आणि काढल्यावर

चाक काढण्याआधीच नट तपासा. एखादा ढिला, एखादा प्रमाणाबाहेर आवळलेला असेल तर डिस्क हबवर तिरकी बसते. एअर गनने आवळलेले नट हे थरथरीचं फार सामान्य आणि फुकटात बरं होणारं कारण आहे. सगळे सैल करून टॉर्क पान्याने, चांदणीच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा), दोन टप्प्यांत आवळा. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, बहुतेक कारना तो 100 ते 140 न्यूटन-मीटरमध्ये असतो. कधी कधी काम इथेच संपतं.

मग चाक हवेत असताना वर-खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावं-उजवं हलवून प्ले आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक). लोअर आर्मच्या मागच्या बुशला पहार लावून रेटा: रबर फाटलेलं असेल तर भेग उघडते.

चाक काढा आणि डिस्क उजेडात बघा. इलेक्ट्रिक गाडीची डिस्क इथे आपली कहाणी स्वतः सांगते. गाडी धुऊन किंवा पावसात भिजून दोन-तीन दिवस उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो, फक्त पॅडखालचा भाग वेगळा राहतो. पेट्रोलच्या गाडीत पहिल्या चार ब्रेकांत तो पुसला जातो. इथे मोटरच थांबवत असल्याने तो आठवडेच्या आठवडे राहतो आणि धातूत खड्डे पाडतो. पॅडच्या आकाराची, कडा स्पष्ट असलेली काळपट छाप डिस्कवर दिसली तर जवळजवळ निदान झालंच. आतली बाजूही बघा, आरसा धरून. बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेली डिस्क नेहमी सापडते.

कॅलिपर काढल्यावर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. स्लाइड पिन (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) बोटांनी आत-बाहेर व्हायला हव्यात. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा: झिजेत 2-3 मिमीचा फरक म्हणजे पिन किंवा पिस्टन अडकतो आहे. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत हाताने सरकले पाहिजेत. हातोडीने काढावे लागत असतील तर क्लिपखाली गंज फुगला आहे.

मागे ड्रम असतील (फोक्सवॅगन आयडी.4 ला तसे आहेत) तर ड्रम गोल आहे का ते आतल्या व्यासाची तीन-चार ठिकाणी मापं घेऊन बघा.

मापं: अंदाजाने डिस्क बदलू नका

'डिस्क बेंड झाली' असं सर्रास म्हटलं जातं. डिस्क खरोखर वाकणं दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा तिची जाडी गोलभर सारखी नसते. जाड भाग पॅडमधून जाताना पकड वाढते, पातळ भागाला कमी होते, आणि तोच झटका स्टिअरिंगपर्यंत येतो. साधारण 0.015 ते 0.02 मिमी फरक पुरतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. डोळ्याला, बोटाला किंवा व्हर्नियरला (सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीला) तो कळत नाही. व्हर्नियरचे जबडे तर कडेच्या गंजाच्या कंगोऱ्यावरच टेकतात.

मायक्रोमीटर (जाडी अगदी बारकाईने मोजणारं साधन) घ्या. डिस्क साफ करून कडेपासून 10-15 मिमी आत, गोलावर सारख्या अंतराने 8 ठिकाणी माप घ्या आणि खडूने तिथेच लिहा. सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करा. 0.02 च्या वर फरक आला तर दोषी सापडला. सर्वांत लहान माप डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशीही ताडून बघा.

नंतर डायल गेज (डिस्क फिरताना किती आत-बाहेर होते ते काट्यावर दाखवणारं साधन). डिस्क सर्व नटांनी, वॉशर घालून हबवर घट्ट बसवा, कारण मोकळ्या डिस्कचं माप निरर्थक असतं. गेजचं टोक कडेपासून 10 मिमी आत टेकवून डिस्क हळू फिरवा. मोटर असलेल्या अ‍ॅक्सलची (पुढच्या किंवा मागच्या चाकजोडीची) डिस्क 'पार्क'मध्ये फिरत नाही असं वाटेल. दोन्ही चाकं वर उचला, मग एक फिरवलं की दुसरं उलट फिरतं आणि न्यूट्रलची गरज पडत नाही. काट्याचा एकूण फेर, म्हणजे 'आऊट', 0.05 मिमीच्या आत असेल तर उत्तम. त्याहून जास्त असेल तर मॅन्युअलमधली मर्यादा बघा. ती ओलांडली असेल तर डिस्क आणि हबवर मार्करने खूण करा, डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवा, पुन्हा मोजा. आऊट डिस्कबरोबर फिरला तर दोष डिस्कचा. तो हबच्या त्याच जागी राहिला तर हबचा.

हबचा असेल तर बहुतेकदा नुसता गंज असतो. हबच्या कडेला 0.05 मिमीचा पापुद्रा राहिला आणि डिस्कची कड दुप्पट त्रिज्येवर असली, तर तिथे आऊट सुमारे 0.1 होतो. नवी डिस्क बसवल्यावर काही हजार किलोमीटरनी थरथर परत येण्यामागे हेच असतं. ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला चाटतो, तिथे झिजतो आणि जाडीत फरक पडतो.

दुरुस्ती

गंज वरवरचा असेल, खड्डे नसतील आणि जाडी सारखी असेल तर काही उघडायची गरज नाही. न्यूट्रलमध्ये 60 वरून 15 पर्यंत मध्यम दाबाचे दहा ब्रेक लावा, प्रत्येकाच्या मध्ये अर्धा मिनिट चालवून डिस्क गार होऊ द्या. छाप पुसली गेली तर पुसली गेली. पॉलिश पेपर हाताने घासून जाडीतला फरक कधीच जात नाही, त्यात वेळ घालवू नका.

जाडीत फरक आहे पण किमान जाडी शिल्लक आहे, अशा वेळी गाडीवरच लेथ लावून डिस्क छाटता येते. त्यात हबचा आऊटही आपोआप धरला जातो. अन्यथा डिस्क बदला, एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही, आणि सोबत नवे पॅड. जुन्या पॅडने जुन्या डिस्कचा आकार घेतलेला असतो.

बसवताना हबचं तोंड वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा, विशेषतः स्टडच्या बुडाशी. तिथे जाड ग्रीस थापू नका, तोही थरच आहे. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने धुवा. स्लाइड पिन पुसून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन पुन्हा जाम होते. एका पिनला रबरी बाही असेल तर तिची जागा बदलू नका. ब्रॅकेटच्या खाचा घासून नव्या क्लिप घाला. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक फ्लुइडच्या टाकीवर नजर ठेवा, पातळी वर येऊन सांडते आणि रंग खाते. बोल्टचा टॉर्क मॅन्युअलमधून घ्या. ब्रॅकेटचे बोल्ट काही गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. सर्व्हिस मोड बंद करा, गाडी चालू करून पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच चाकं जमिनीला टेकवा.

आता पॅड बसवणं, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क घासून एकमेकांना नीट जुळवणं. पेट्रोलच्या गाडीत हे रोजच्या चालवण्यात आपोआप होतं. इथे होत नाही: पॅड डिस्कला नीट लागतच नाहीत आणि अर्धवट, डागाडागांनी बसतात. म्हणून मुद्दाम न्यूट्रलमध्ये 60 वरून 10-15 पर्यंत, मध्यम दाबाने दहा ते पंधरा ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन. डिस्क गरम असताना पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, त्याच जागी पॅडची छाप उमटते. 50 ते 100 किमी झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा बघा.

दोष मोटरच्या बाजूला निघाला तर

ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटचे रोलर किंवा त्यांच्या खाचा झिजल्या की जोर पडताना गाडी डोलते, आणि रिजेन हा उलट दिशेचा जोरच आहे. बहुतेक वेळा जोरात पिकअप घेतानाही तीच थरथर येते. ही जोडी मिळाली तर शाफ्टच बघा. बूट फाटून ग्रीस उडालं आहे का, शाफ्ट हाताने वर-खाली हलतो का. मोटरचा माउंट फाटला असेल तर पाय काढताच एक 'टक्' येते. अगदी कमी वेगात येणारी हलकी आंदोलनं कधी कधी सॉफ्टवेअरची असतात. नवीन अपडेट आहे का ते विचारा, पण बुश आणि शाफ्ट तपासल्यानंतरच.

पुन्हा गंज धरू नये म्हणून गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर घराजवळच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात न्यूट्रलमध्ये चार-पाच ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा. काही गाड्या हे काम स्वतःच अधूनमधून करतात, मॅन्युअलमध्ये तसा उल्लेख असतो. वर्षातून एकदा पिन आणि खाचा साफ करून ग्रीस. पॅड पाच वर्षं टिकले म्हणून कॅलिपर पाच वर्षं उघडायचा नाही असं नसतं. ब्रेक फ्लुइड ओलावा शोषतं, त्यामुळे किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी मॅन्युअलमधल्या मुदतीत, बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी, ते बदला.